पहाऱ्यावरील ‘सुमित्रा’



गेल्या शब्बाथला किद्दूश आटोपून मंडळी जेवणास बसली असता आमच्या नातवाने एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर आम्हांस एका वाक्यात देता आले नाही. हा नातू आरमारातील सक्तीची नोकरी पुरी करून नुकताच घरी आला आहे. क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या वेगवान नौकांवर त्याने आपली वर्षे काढली, त्यामुळे जहाजाचे चित्र दिसले की त्याचे डोळे आधी शस्त्रांकडे वळतात. भारतातून आलेल्या एका मासिकात ‘सुमित्रा’ या भारतीय नौदलाच्या जहाजाचे चित्र होते. ते त्याने निरखून पाहिले आणि म्हणाला, “सबा, एवढे मोठे जहाज आणि पुढे तोफ एकच? क्षेपणास्त्र एकही नाही? मग हे जहाज करते तरी काय?”

आम्ही त्याला एवढेच म्हणालो की, हे जहाज पहारा करते. त्याचे समाधान झाले नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसतच होते. त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहोत. नातवास मराठी वाचता येत नाही. तेव्हा हा मजकूर त्याच्या आईने त्यास वाचून दाखवावा अशी योजना आहे. इतर घरांतूनही असे होत असेल तर आम्हांस आनंदच वाटेल.

प्रथम जहाजाची माहिती. ‘सुमित्रा’ ही भारतीय नौदलाच्या ‘सरयू’ वर्गातील चौथी नौका. ‘सरयू’, ‘सुनयना’, ‘सुमेधा’ आणि ‘सुमित्रा’ अशा या चार भगिनी. इंग्रजीत या जातीच्या जहाजास ऑफशोअर पेट्रोल व्हेसल म्हणतात. आपण दूरसागरी गस्तनौका म्हणू. हिची लांबी 105 मीटर, रुंदी सुमारे 13 मीटर आणि वजन 2200 टनांहून थोडे अधिक. वर 76 मिलिमीटरची एक तोफ, जवळच्या संरक्षणासाठी 30 मिलिमीटरच्या दोन जलदगती तोफा, मागील बाजूस हेलिकॉप्टर उतरावयाची सपाट जागा व त्याचे छप्पर, आणि माणसे शंभराहून थोडी अधिक. आपल्या इस्रायली आरमारातील साआर 4.5 ही क्षेपणास्त्र नौका सुमारे 500 टनांची आणि 62 मीटर लांबीची. म्हणजे ‘सुमित्रा’ वजनाने तिच्या चौपटीहून मोठी, परंतु मारक शक्तीत तिच्यापुढे अगदीच सौम्य. तिची मोठी तोफ मात्र मूळच्या त्याच इटालियन बनावटीची आहे, जी आपल्याही नौकांवर बसविलेली असते. नातवाने ती चित्रात तत्काळ ओळखली होती.

एवढे टन कोठे खर्ची पडले, हा त्याचा प्रश्न बरोबर होता. ते खर्ची पडले इंधनात, पाण्यात, धान्यात, निजण्याच्या जागांत आणि हेलिकॉप्टरच्या तळात. इस्रायलचा भूमध्य समुद्रावरील किनारा दोनशे किलोमीटरांच्या आत आहे. हैफा किंवा अश्दोदहून निघालेली नौका आपल्या कामावर काही तासांत पोहोचते आणि तशीच लवकर परतही येते. हिंदी महासागरात तसे नाही. मुंबईहून एडन सुमारे 1650 सागरी मैल. ‘सुमित्रा’ ताशी 16 सागरी मैलांच्या संथ चालीने 6000 सागरी मैल जाऊ शकते. म्हणजे मुंबईहून एडनला जाऊन परत येण्याइतके इंधन बाजूस ठेवले तरी तेथे राहून फिरण्यास अडीच हजार मैलांहून अधिक पल्ला तिच्या हाती उरतो. निकड पडल्यास ती ताशी 25 सागरी मैलांनी धावते, पण तिचा खरा गुण धावण्यात नसून टिकण्यात आहे. पहारेकऱ्यास वेगापेक्षा जागरण अधिक लागते, हे आपल्या चाळींतील गुरख्यासही ठाऊक होते.

अशा जहाजांची गरज का पडली हेही सांगावयास हवे. पूर्वी राष्ट्राचा समुद्रावरील हक्क किनाऱ्यापासून थोडक्याच अंतरापर्यंत मानला जाई. त्यापलीकडचे पाणी सर्वांचे. 1974 साली मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात, ज्यास पुढे बॉम्बे हाय हे नाव मिळाले त्या ठिकाणी, खनिज तेल सापडले. 1976 साली भारताने सागरी क्षेत्रांचा कायदा करून किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर आपला हक्क सांगितला, आणि 1982 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कराराने हेच माप जगाने मान्य केले. 200 सागरी मैल म्हणजे सुमारे 370 किलोमीटर. अशा रीतीने वीस लाख चौरस किलोमीटरांहून अधिक पाणी एका कायद्याने राखणीखाली आले. परंतु कायद्याने हक्क मिळतो, राखणदार मिळत नाही. तेलाच्या फलाटांवर, मच्छीमारांवर, व्यापारी जहाजांच्या वाटेवर लक्ष ठेवण्यास महागड्या विनाशिका धाडणे म्हणजे दारावरच्या पहाऱ्यास सेनापतीला बसविण्यासारखे होय. म्हणून कमी खर्चात दूरवर राहणारी, शस्त्रांनी हलकी आणि पोटाने मोठी अशी ही जात निर्माण झाली.

भारतीय नौदलाने आरंभी ‘सुकन्या’ वर्गाच्या सात गस्तनौका घेतल्या. त्यांतील पहिल्या तीन दक्षिण कोरियात बांधल्या गेल्या आणि उरलेल्या चार विशाखापट्टणमच्या गोदीत. ‘सरयू’ वर्गाचा आराखडा मात्र गोव्यातच कागदावर उतरला आणि गोव्यातच पोलादात उभा राहिला. वास्को द गामा येथे झुआरी नदीच्या काठी गोवा शिपयार्ड आहे. ही गोदी पोर्तुगीजांनी 1957 साली काढली. 1961 साली गोवा मुक्त झाल्यावर ती मुंबईच्या माझगाव गोदीच्या देखरेखीखाली आली. आरंभी तेथे खनिज वाहणारे पडाव बांधले जात. पडाव बांधणाऱ्या हातांनी अर्ध्या शतकात युद्धनौकेचा आराखडा स्वतः काढावा, ही लहान गोष्ट नव्हे.

माझगाव गोदीचे नाव निघाले म्हणजे आपल्या समाजास एका पुरुषाचे स्मरण होणे साहजिक आहे. ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन हे आपल्या बेने इस्राएल समाजातील. 1965 च्या युद्धकाळी भारतीय नौदलाचा ताफा त्यांच्या हाताखाली होता, आणि पुढे त्यांनी माझगाव गोदीचे प्रमुखपद भूषविले. त्याच गोदीत ‘निलगिरी’ ही फ्रिगेट बांधली गेली. 1968 च्या ऑक्टोबरात तिचे जलावतरण झाले आणि 1972 च्या जूनमध्ये ती नौदलात दाखल झाली. भारताने इतक्या मोठ्या मापाची युद्धनौका घरी बांधण्याचा तो पहिला प्रसंग. आराखडा तेव्हा इंग्रजांचा होता, हात आपले होते. ‘सरयू’ आणि ‘सुमित्रा’ यांच्या वेळी आराखडाही आपला झाला. या दोन टप्प्यांमधील चाळीस वर्षे म्हणजे हजारो कारागिरांच्या आयुष्याची कमाई होय, आणि त्या कारागिरांत, कारकुनांत व फोरमनांत आपल्या समाजाचीही माणसे होती.

‘सुमित्रेचा’ कणा 2010 सालच्या एप्रिलमध्ये ठेवण्यात आला. पोलादाचे पत्रे कापून, वाकवून, एकमेकांस जोडून जहाजाचे निरनिराळे भाग आधी तयार करावयाचे आणि मग ते शेजारी शेजारी ठेवून सांधावयाचे, अशी हल्लीची रीत आहे. त्याच वर्षी डिसेंबरात तिचे सांगाडारूप शरीर पाण्यात उतरले. म्हणजे डोळ्यांस दिसणारे जहाज आठ महिन्यांत उभे राहिले. परंतु नौदलात दाखल होण्यास तिला 2014 चा सप्टेंबर उजाडला. मधली पावणेचार वर्षे कशात गेली? तर जे बाहेरून दिसत नाही त्यात. इंधनाच्या, पिण्याच्या पाण्याच्या, आग विझविण्याच्या पाण्याच्या, सांडपाण्याच्या अशा निरनिराळ्या नळ्या. विजेच्या तारांचे भारेच्या भारे. पंप, रडार, संदेशयंत्रे, स्वयंपाकघर, दवाखाना. यांतील प्रत्येक वस्तू आधी बसवावी लागते, मग तपासावी लागते, मग समुद्रावर नेऊन हलत्या जहाजात पुन्हा तपासावी लागते. मुख्य एंजिने दोन, प्रत्येकास 20 सिलिंडर. हे एंजिन मूळ फ्रेंच पिल्स्टिक जातीचे. या जातीची एंजिने भारतात परवान्याखाली बांधण्याचे काम किर्लोस्करांनी केले. ज्या घराण्याने एके काळी आमच्या कोकणातील व देशावरील शेतकऱ्यांस नांगर व पाण्याचे पंप पुरविले, त्याचे नाव युद्धनौकांच्या एंजिनांशी जोडलेले पाहून आम्हांस मौज वाटली.

जहाज बांधणाऱ्यांच्या मुलखात असे म्हणतात की, पाण्यात उतरलेले जहाज म्हणजे नुकते जन्मलेले मूल. त्याचे चालणे-बोलणे अजून व्हावयाचे असते. 4 सप्टेंबर 2014 रोजी चेन्नईस ‘सुमित्रा’ विधिपूर्वक नौदलात दाखल झाली. रामायणात सुमित्रा ही लक्ष्मणाची व शत्रुघ्नाची माता. शब्दाचा सरळ अर्थ पाहिला तर चांगली मैत्रीण. हे नाव ठेवणाऱ्यांनी भविष्याचा विचार केला असेल असे आम्ही म्हणणार नाही, परंतु सात महिन्यांच्या आतच नावाची परीक्षा घेणारा प्रसंग आला.

2008 च्या ऑक्टोबरापासून भारतीय नौदलाचे एखादे जहाज एडनच्या आखातात सोमाली चाच्यांविरुद्ध गस्त घालीत असे. 2015 च्या मार्चमध्ये ही पाळी ‘सुमित्रेची’ होती. त्या महिन्याच्या 26 तारखेस येमेनमध्ये सौदी अरेबिया व त्याच्या मित्रराष्ट्रांनी हूतींविरुद्ध हवाई हल्ले सुरू केले. येमेनमध्ये त्या वेळी हजारो भारतीय नोकरीनिमित्त राहत होते. त्यांत रुग्णालयांतील परिचारिका पुष्कळ. विमानतळ बंद झाले, रस्ते तुटले, एडन शहरात रस्तोरस्ती लढाई सुरू झाली. दूर मुंबईहून मोठी जहाजे निघण्यास व पोहोचण्यास दिवस लागणार होते. जवळ होते ते एकच जहाज, एका तोफेचे.

31 मार्च रोजी ‘सुमित्रा’ एडनच्या बंदरात शिरली. तिचे कप्तान होते कमांडर मिलिंद मोकाशी. शहरात गोळीबार चालू असता धक्क्यास लागून तिने 349 भारतीयांस आपल्या पोटात घेतले. त्यांत 220 पुरुष, 101 स्त्रिया व 28 मुले होती. ती रात्र समुद्रावर काढून सकाळी तिने सर्वांस जिबुतीस सुखरूप उतरविले आणि तेथून विमानांनी ती मंडळी कोचीस व मुंबईस गेली. ‘सुमित्रा’ मात्र मागे फिरली. ती येमेनच्या पश्चिम किनाऱ्यावरील हुदैदा बंदरात गेली आणि तेथूनही माणसे आणली. दरम्यान ‘मुंबई’ ही विनाशिका आणि ‘तरकश’ ही फ्रिगेट येऊन पोहोचल्या. ‘राहत’ नावाच्या या मोहिमेत समुद्रमार्गे व हवाईमार्गे मिळून सुमारे 4640 भारतीय आणि 41 देशांचे 960 परदेशी नागरिक बाहेर काढले गेले. कमांडर मोकाशी यांस शौर्यचक्र देण्यात आले.

आता नातवाच्या प्रश्नाकडे वळून आम्ही त्यास एक हिशेब करावयास सांगणार आहोत. शंभर माणसांच्या घरात एका रात्री साडेतीनशे पाहुणे आले, तेही भेदरलेले, उपाशी, लेकरांसह, तर काय होईल? पाणी किती लागेल? भात किती शिजवावा लागेल? शौचकूपांपुढे रांग किती होईल? आजारी कोठे निजवाल? साडेचारशे माणसे वर-खाली हालू लागली म्हणजे जहाजाचा तोल कोण सांभाळील? जी नौका केवळ शस्त्रांसाठी बांधली असते, तिच्यात अशा पाहुण्यांसाठी जागाच नसते. गस्तनौकेत ती असते, कारण दीर्घ प्रवासासाठी तिला कोठारे मोठी दिलेली असतात आणि हेलिकॉप्टरसाठी मागे मोकळे अंगण सोडलेले असते. आराखडा काढणाऱ्याने क्षेपणास्त्रांच्या नळकांड्यांस जी जागा दिली नाही, ती त्या रात्री 28 मुलांच्या उपयोगी पडली.

एडन हे नाव आमच्या वाचकांस परके नाही. 1839 साली ते इंग्रजांनी घेतले आणि त्यानंतर सुमारे एक शतक त्याचा कारभार मुंबई इलाख्यास जोडलेला होता. आपल्या समाजातील किती तरी माणसे पलटणींतून व सरकारी कचेऱ्यांतून एडनला नोकरीस जाऊन आली. त्याच एडनच्या विमानतळावरून 1949 व 1950 साली येमेनचे सुमारे 49,000 यहुदी विमानांनी इस्रायलमध्ये आणले गेले. आज मोशावांत व विकास-नगरांत आपले शेजारी असलेले तेमानी बांधव त्यांचीच मुलेनातवंडे. वाळवंट तुडवीत एडनपर्यंत पायी आलेल्या त्या माणसांनी तेथील छावणीत कित्येक दिवस वाट पाहिली होती. 66 वर्षांनी त्याच गावच्या धक्क्यावर केरळच्या परिचारिका समुद्राकडे डोळे लावून बसल्या. कोणी तरी न्यावयास येईल, ही वाट पाहणे काय असते, हे आपल्या देशात समजावून सांगावे लागत नाही.

‘सुमित्रेची’ दुसरी कथा 2024 सालची. सोमालियाच्या पूर्वेस गस्त घालीत असता तिला ‘इमान’ नावाच्या मासेमारी नौकेची हाक ऐकू आली. नौका इराणी, तीवरील 17 खलाशी इराणी, आणि चाच्यांनी त्यांस ओलीस धरलेले. 29 जानेवारीच्या पहाटे ‘सुमित्रेने’ हेलिकॉप्टर व छोट्या होड्या धाडून चाच्यांस हटविले व खलाशांस सोडविले. लगेचच दुसरी वार्ता आली. ‘अल नईमी’ ही दुसरी इराणी नौका, तीवर 19 पाकिस्तानी खलाशी आणि 11 सशस्त्र चाचे. तीही त्याच दिवशी गाठली व सोडविली. ही जागा कोचीच्या पश्चिमेस सुमारे 850 सागरी मैलांवर होती. छत्तीस तासांच्या आत एका जहाजाने 36 मच्छीमार मुक्त केले. त्यांत भारतीय एकही नव्हता. 17 इराणचे, 19 पाकिस्तानचे.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी 2024 साली व पुन्हा 2025 सालच्या जूनमध्ये इराणहून आलेल्या क्षेपणास्त्रांच्या रात्री आश्रयखोलीत बसून काढल्या आहेत. इराणी खलाशांच्या सुटकेची कथा ऐकताना कोणाच्या मनात किंतु येईल, तर त्यास आम्ही दोष देणार नाही. परंतु समुद्राचा कायदा जुना आहे. संकटात सापडलेल्याची हाक ऐकली तर जवळच्या जहाजाने जावयाचे. निशाण कोणाचे हे नंतर विचारावयाचे. जाळे टाकून पोट भरणारा मनुष्य बंदर अब्बासचा असो, कराचीचा असो की आमच्या वरसोलीचा असो, चाच्याच्या बंदुकीपुढे सारखाच असहाय असतो. आपल्या धर्मशास्त्रात बंदिवानांची सुटका हे थोर पुण्यकर्म मानले आहे, आणि गेल्या काही वर्षांत या देशाने त्या शब्दांचा भार आपल्या खांद्यांवर वाहिला आहे. म्हणून आम्हांस वाटते की, 36 घरांत त्या रात्री परत पेटलेल्या चुली आपणही आनंदाने मोजाव्यात.

भगिनींचीही कामगिरी अशीच आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये सुदानात यादवी उसळली तेव्हा पोर्ट सुदान बंदरातून पहिले 278 भारतीय घेऊन जेद्दाकडे निघाली ती ‘सुमेधा’. तीच ‘सुमेधा’ 2024 च्या मार्चअखेर ‘अल-कंबर’ या मासेमारी नौकेस अडविणारे पहिले जहाज ठरली. ‘त्रिशूल’ फ्रिगेट तिच्या मदतीस आली आणि 23 पाकिस्तानी खलाशी सुटले. ‘सुनयना’ 2025 च्या एप्रिलमध्ये नऊ मित्रदेशांचे 44 नौसैनिक बरोबर घेऊन कारवारहून हिंदी महासागराच्या फेरीस निघाली. आणि स्वतः ‘सुमित्रेस’ एक मानही लाभला. 2016 साली विशाखापट्टणम येथे आंतरराष्ट्रीय नौदल संचलन झाले, तेव्हा राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी तिच्याच फलकावर उभे राहून मानवंदना स्वीकारली. 2022 साली राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या वेळीही तीच निवडली गेली. कालपर्यंत निर्वासितांची लेकरे जेथे निजली, तेथे राष्ट्रपती उभे राहिले, हे आम्हांस फार शोभून दिसले.

तथापि नातवाची बाजूही आम्ही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. 2023 च्या नोव्हेंबरापासून हूतींनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर क्षेपणास्त्रे व ड्रोन सोडण्यास आरंभ केला. त्याचा चटका आपणांस एलातच्या बंदरात बसला. तेथील जहाजांची ये-जा जवळजवळ थांबली. डिसेंबरात ‘केम प्लूटो’ हे तेलवाहू जहाज गुजरातजवळ ड्रोनच्या तडाख्यात सापडले, तेव्हा भारतीय नौदलाने अरबी समुद्रात धाडल्या त्या ‘मोरमुगाव’, ‘कोची’ व ‘कोलकाता’ या विनाशिका. क्षेपणास्त्राच्या वाटेत उभे राहण्याचे काम ‘सुमित्रेचे’ नव्हे, आणि तिच्यावर ते लादणे म्हणजे तिच्या शंभर माणसांशी अन्याय होईल. ज्या घरास ढाल हवी त्यास पहारेकरी पुरत नाही, हे नातवाचे म्हणणे खरे आहे. पण ढाल भिंतीवर टांगलेली असतानाही कोणीतरी रात्री जागे असावे लागते. नौदलाचेही मत असेच दिसते, कारण 2023 च्या मार्चमध्ये नव्या 11 दूरसागरी गस्तनौकांचे करार झाले. त्यांतील सात गोव्याच्या गोदीकडे आणि चार कोलकात्याच्या गोदीकडे गेल्या.

शेवटी आपल्या घरची गोष्ट. आपल्या पूर्वजांचे गलबत कोकण किनाऱ्यावर नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी परंपरा आपण लहानपणापासून ऐकत आलो. नवगावच्या दफनभूमीतील उंचवटे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहेत. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या बाकीच्या माणसांस तेथे पुरले असे सांगतात. त्या रात्री त्या पाण्यावर कोणी पहाऱ्यास नव्हते. ज्यांनी बुडणाऱ्यांस हात दिला असेल, ते किनाऱ्यावरचे साधे लोक असतील. आपला सारा समाज त्या चौदा जणांच्या वाचण्यावर उभा आहे. यामुळेच की काय, समुद्रावरून माणसे सुखरूप आणल्याची बातमी वाचली म्हणजे आम्ही ती दोनदा वाचतो.

समुद्र ओलांडून आलेल्याने सिनेगॉगमध्ये सेफेर तोरापुढे उभे राहून ‘गोमेल’ म्हणावे असा आपला नियम आहे. चार जणांवर हे ऋण सांगितले आहे: समुद्रप्रवासातून आलेला, वाळवंट ओलांडलेला, दुखण्यातून उठलेला आणि बंदिवासातून सुटलेला. आमच्या आया-आज्या याखेरीज एलियाहू हन्नाबीच्या नावे मलिद्याचा नवसही फेडीत. एडनहून आलेल्या त्या 349 जणांपैकी प्रत्येकाने आपापल्या देवळात, मशिदीत वा चर्चमध्ये असाच काही नवस फेडला असेल. वाचलेल्याची प्रार्थना आपल्या शास्त्राने ठरवून दिली आहे. वाचविणाऱ्याने मात्र जहाज धुवावयाचे, इंधन भरावयाचे आणि पुन्हा गस्तीस निघावयाचे, एवढेच त्याच्या वाट्यास येते. म्हणून पुढच्या वेळी सिनेगॉगमध्ये कोणी ‘गोमेल’ म्हणेल, तेव्हा ‘आमेन’ म्हणताना अशा जागणाऱ्यांची आठवण ठेवण्याचा आमचा विचार आहे. नातू बरोबर आला तर त्यासही सांगू. त्यानेही किती तरी रात्री पाण्यावर जागून काढल्या आहेत, आणि त्याबद्दल आम्ही त्यास अजून एकदाही धड विचारले नव्हते, हे हा लेख लिहिताना आमच्या ध्यानात आले.

जाता जाता एक विनंती. आपल्या समाजातील ज्या मंडळींच्या वडिलांनी, आजोबांनी किंवा काकांनी भारतीय नौदलात, माझगाव गोदीत, मुंबई बंदरात अथवा एडनला नोकरी केली असेल, त्यांनी आठवणी लिहून या पत्रिकेकडे पाठवाव्यात. मराठी लिहिण्याची सवय मोडली असल्यास घरातील वडीलधाऱ्यांनी सांगावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे. जुनी छायाचित्रे असल्यास मागील बाजूस नाव व साल लिहावे. ही माणसे एकेक करून आपल्यातून जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर या गोष्टीही जात आहेत.